महाराजांचा जिना

माझा साहेब फ्रेंच आहे आणि थिएटरं बांधतो. नाव सांगत नाही, कारण नाव ऐकलं की लोक "अय्या, तो?" म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. लंडनच्या ऑफिसात सगळे त्याला पहिल्या नावानं हाक मारतात. मी मनातल्या मनात महाराज म्हणते.

महाराजांचं चरित्र आम्हाला तोंडपाठ आहे, कारण प्रत्येक भाषणात ते पहिल्यापासून लागतं. फ्रान्समधलं छोटं गाव, आजीचं बोट धरून पाहिलेलं पहिलं नाटक, लाल मखमली खुर्ची आणि "त्या क्षणी मला कळलं". काय कळलं ते दरवर्षी बदलतं. मग पॅरिसचं कॉलेज, मग एका नाटक कंपनीत पडदे ओढायची नोकरी, जी भाषणागणिक लांबत चालली आहे. मग बंद पडलेल्या साखर कारखान्यात बांधलेलं पहिलं थिएटर, बक्षिसं, जाडजूड पुस्तकं आणि काळा मफलर. मफलर ऑगस्टमध्येही असतो. माणूस हुशार आहे, नाही म्हणत नाही मी. त्याच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेतल्यालाही नटाचा सुस्कारा ऐकू येतो, ते काम सोपं नव्हे. पण बाईमाणसाला शरीर असतं ही बातमी त्याच्यापर्यंत आजवर पोचलेली नाही.

मला ती लहानपणीच पोचली, कारण माझी आई नाटकवेडी. पुण्यात बाबा नेमानं तिकिटं आणायचे, आणि प्रयोगाच्या दिवशी आईचं पाणी सकाळपासून बंद. मध्यंतरात बायकांच्या बाजूला अशी रांग लागायची, की नंबर येईपर्यंत आत पडदा वर गेलेला असे. मग परत येऊन अंधारात बाबांना विचारायचं, "काय झालं हो?" आणि मागच्यांनी शुक् शुक् करायचं. त्यापेक्षा तहान परवडली. बाबा विचारायचे, "चहा आणू का गं?" ती वडा खायची आणि चहाला नको म्हणायची. तिला चहा आवडतच नाही, असं मला कित्येक वर्षं वाटायचं.

पुढे तिला हृदयाचं दुखणं लागलं. अंगात पाणी साठू नये म्हणून रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. ती घेतली की अर्धा दिवस बाथरूमच्या आसपास काढावा लागतो, त्यामुळे नाटक सुटलंच. बाबाही गेले. आता ती लंडनमध्ये स्टॅनमोरला माझ्याकडे राहायला येते तेव्हा लॅपटॉपवर नाटकं बघते आणि मधेच थांबवून उठते. "सोय चांगली आहे गं," म्हणते, "पण मजा नाही."

अशात आमच्या ऑफिसला समुद्रकाठच्या एका गावातल्या थिएटरचं काम मिळालं आणि तळमजल्याचे प्लॅन माझ्याकडे आले. मी ठरवलं, हे एक तरी थिएटर माझ्या आईला अख्खं नाटक दाखवेल. हॉलच्या दाराजवळच, एकही पायरी न उतरता जाता येईल अशी बायकांची टॉयलेट्स काढली. भरपूर काढली. बाहेर बसायला एक बाकही टाकला.

महाराजांनी माझ्या ड्रॉइंगवर आरपार दिसणारा बटर पेपर पसरला, जाड पेन्सिल उचलली आणि माझ्या टॉयलेट्सवरून एक जिना नेला. वळणदार, पांढऱ्या दगडाचा, कठड्याला पितळ. म्हणाले, "लोक थिएटरला नुसतं बघायला येत नाहीत, दिसायलाही येतात. जिना हाच पहिला अंक." टॉयलेट्स तळघरात गेली आणि जाता जाता निम्मी झाली.

मी म्हटलं, रांग लागेल, बायकांचं मध्यंतर रांगेतच जाईल. महाराजांनी विचारलं, नियमात बसतंय का? बसत होतं. नियम करणारेही त्यांचेच भाऊबंद. मग माझ्याकडे अत्यंत प्रेमानं बघून म्हणाले, "थिएटरमध्ये माणूस शरीर विसरतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं तर ते लिहून घेतलं! विसरतो म्हणे. डोंबल विसरतो! तुला काय जातंय विसरायला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलास की झालं.

पुढच्या दोन मीटिंगमध्येही मी तोंड उघडलं. पण माझा व्हिसा याच ऑफिसच्या जिवावर, तेव्हा आवाज किती चढवायचा याला मर्यादा होती. जिना झाला.

उद्घाटनाचा प्रयोग दुपारचा होता. आईला सांगायचंच नाही असं मी ठरवलं होतं, पण नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. आई म्हणाली, "मुलीनं थिएटर बांधलं आणि मी घरी बसू?" मी बांधलं नाही गं, नुसत्या रेघा ओढल्या, असं सांगून पाहिलं. तळघराचंही सांगितलं. "बघू गं," म्हणाली आणि मोरपंखी नारायणपेठ इस्त्रीला काढली.

महाराज स्वतः स्टेजवर आले आणि काठीनं फळ्यांवर तीनदा ठोकलं. फ्रान्समध्ये नाटक असंच सुरू करायची रीत आहे. आईनं माझा हात दाबला. "अगं, ही तर आपली तिसरी घंटा!" ती शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. पहिला अंक संपेपर्यंत ती खुर्चीच्या कडेवर बसून होती.

मध्यंतर झाल्याबरोबर मी तिच्यासाठी नंबर धरायला धावले. रांग तळघरातून वर आली होती आणि महाराजांच्या जिन्यावर चढली होती. रेशमी ड्रेसमधल्या बायका पायरीपायरीवर उभ्या, पर्स पोटाशी, भार या पायावरून त्या पायावर. दिसायला आल्या होत्या ना? दिसत होत्या. पुरुषांच्या दारात चिटपाखरू नव्हतं. मला आधी हसू आलं आणि मग इतका संताप झाला की तिथंच ओरडावंसं वाटलं.

परत हॉलमध्ये आले तर आई एकटीच बसलेली, ताठ, हात मांडीवर. शेजारी पाण्याची बाटली, झाकणसुद्धा न उघडलेली.

"चल, मी विनंती करते, पुढे घेतील तुला."

"मला जायचंच नाहीये."

"मग निदान घोटभर पाणी घे."

"संपल्यावर."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. "आई, सकाळची गोळी घेतलीस ना?"

तिनं स्टेजवरची नजर काढली नाही. "कालपण नाही घेतली. ओरडू नकोस, लोक बघतायत."

लोक म्हणजे महाराज. दारात उभे होते, सोबत फोटोग्राफर. छातीवर हात ठेवून म्हणाले, "सगळे बाहेर गेले, आणि या बाई माझा हॉल सोडायला तयार नाहीत." डोळे भरून आले होते मेल्याचे! फोटो निघाला.

मी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "तिनं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. हृदयाची गोळी चुकवली आहे. तुझ्या त्या जिन्यापायी." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाटकासाठी एवढा त्याग," म्हणाला. "आमच्याकडे असं प्रेम उरलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी आईला धाप लागली आणि पाय इतके सुजले की चपलेत जाईनात. आमच्या जीपी डॉक्टरनं तिला झापलं, मलाही झापलं. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "पण शेवटापर्यंत बघितलं की नाही! एकदाही कुणाला विचारावं लागलं नाही, काय झालं म्हणून." मी गाडी सुरू न करता रडत बसले. तिला वाटलं, मी रागावले.

तो फोटो आता महाराजांच्या नव्या पुस्तकात आहे, आणि आमच्या रिसेप्शनच्या भिंतीवरही, माणसाएवढा मोठा. खाली लिहिलंय, "जिला उठावंसंच वाटलं नाही." आईला तो फार आवडतो, पुण्यातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवून झालाय. इतका स्पष्ट आलाय की तिचे कोरडे, पांढरे पडलेले ओठ लांबूनसुद्धा दिसतात. पाहुणे येतात, त्याच्यासमोर थांबतात आणि खुर्च्यांचं कौतुक करतात.