जहाज जाईपर्यंत

“अगं, बाजूला हो ना! तुझ्यामुळं जहाज झाकलं जातंय.”

मी बाजूला झाले. गच्चीच्या कठड्याला टेकून सगळं घर उभं, मागं समुद्र, आणि समुद्रात ते पांढरं धूड. आख्खी सोसायटी पाण्यावरून चालल्यासारखी.

गंगापूर रोडच्या त्या घरात मी नऊ वर्षं स्वयंपाक करत होते. अलिबागच्या पुढं त्यांचा बंगला. सुट्टीत भांड्याकुंड्यांबरोबर मलाही न्यायचे. आणि एक नियम. कामावर आलं की माझा फोन मालकीणबाईंच्या, वहिनींच्या पर्समध्ये. “फोनवर बोलत बसलं की भाजी करपते,” म्हणे. नऊ वर्षांत एकदा करपली. मेथीची.

त्या दिवशी पाचच्या आत माझ्या पोरीची नर्सिंगची सीट पक्की करायची होती. पोरगी तिकडं घराजवळ, इंदिरानगरच्या सायबर कॅफेत बसलेली. आमच्या घरात फोन एकच, माझा. म्हणून फॉर्मवर नंबरही माझाच. ओटीपी माझ्या फोनवर येणार, मी सांगायचा, तिनं टाकायचा. एवढंच काम. सकाळीच वहिनींच्या कानावर घातलं होतं. “हो हो, देते,” म्हणाल्या.

साडेचारला मागितला. “वहिनी, फोन द्या ना. पोरीचं ते...”

“अगं, जहाज चाललंय! ते गेलं की देते. आधी आमचे फोटो काढ.” आणि स्वतःचा फोन माझ्या हातात दिला.

काढले. उभ्यानं, बसून, आजोबांना घेऊन, आजोबांशिवाय. जहाज हलता हलेना. परत म्हटलं, “वहिनी, पाच वाजतील.” साहेब हसले. “हिला काय बोट पकडायचीय का?” सगळे हसले. मीपण हसले. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

जहाज गेलं, वहिनींनी पर्समधून फोन काढून दिला, तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या फोनवर सायबरवाल्याच्या नंबरचे तेरा मिस्ड कॉल. तीन ओटीपी. मी फोन लावला. पोरगी रडत नव्हती. एवढंच म्हणाली, “आई, तू कुठं होतीस?”

काय सांगू तिला? जहाज बघत होते?

“पुढच्या वर्षी होईल गं,” वहिनी म्हणाल्या. “चल, चहा टाक.”

आणि मी गेले हो स्वयंपाकघरात! लायटर हातात घेतला. मग ठेवून दिला. बाहेर येऊन पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले, “चहा तुम्ही टाका.” पिशवी उचलली आणि एसटी स्टँडपर्यंत चालत गेले.

सीट गेली ती गेलीच. पोरगी महिनाभर माझ्याशी धड बोलली नाय. लय रडले मी, एकटी. काम सुटलं. दुसऱ्या एका घरी विचारायला गेले, तिथली बाई म्हणाली, “फोन इथं टोपलीत ठेवायचा हं.”

“नाय ठेवणार,” म्हटलं, आणि जिना उतरले.

यंदा परत फॉर्म भरायचा हाय. नंबर माझाच देणार. फॉर्मच्या दिवशी जहाज माझ्या दारात येऊन उभं राहिलं, तरी माझा फोन माझ्याच हातात असणार.