आठ दिवसांची गुपचिळी

कवळ्या बनवणाऱ्याला गिऱ्हाइकाचं तोंड कधी दिसत नाही. दंतवैद्य साचा घेतो, पिशवीत घालून पाठवतो, आणि हा त्यावर दात उभे करतो. गेली चौतीस वर्षं तो हेच करत होता. दवाखान्यामागच्या खोलीत खिडकीशी एक बाक, मेण वितळवायला गॅसची छोटी शेगडी, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि प्लास्टर कालवायची रबरी वाटी. बायको म्हणायची, "अख्ख्या गावाचं हसू तुमच्या हातचं, आणि तुम्हाला हसायचं म्हटलं की दातखीळ बसते." यावर तो मान हलवायचा. भांडणही कधी अंगाला लावून घ्यायचा नाही. बायकोनेही मग नाद सोडला होता.

शाळेत त्याला सगळे खुंटी म्हणत. मुलांची निवासी शाळा ती, नदीपलीकडे. पाचवीत असताना आंघोळीच्या रांगेत कोणीतरी त्याच्या खांद्यावर ओला टॉवेल टाकला, आणि तो खाली न टाकता तसाच उभा राहिला, तेव्हापासून हे नाव चिकटलं. ती शाळा सहा वर्षांपूर्वी बंद पडली. शेवटच्या वर्षी ऐंशी खाटांवर अकरा पोरं उरली होती. आता इमारत पाडायची ठरली होती.

त्याआधी जुन्या विद्यार्थ्यांनी आठवणींचं पुस्तक काढायचं, हे डोकं भोंग्याचं. भोंगा खुंटीच्याच वर्गातला. पोटापाण्याला लिलाव पुकारायचा, त्यामुळे आवाज वाया गेला नव्हता.

"दोन पानं खरड," तो फोनवर म्हणाला.

"मला काही आठवत नाही."

"मग निदान इतरांचं तपासून दे. शुद्धलेखनात तू पहिल्यापासून वाघ."

तेवीस लेख आले. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की खुंटी बाकावरची प्लास्टरची पूड झटकायचा आणि लाल पेन घेऊन बसायचा. एकाने पहाटेच्या घंटेवर लिहिलं होतं, एकाने वॉर्डनसाहेबांच्या बुटांच्या कर्र कर्र आवाजावर. रविवारी मिळणाऱ्या उकडलेल्या अंड्यावर तर सात जणांनी लिहिलं होतं. खुंटी ऱ्हस्व-दीर्घ नीट करत होता. सतरावा लेख बोटीवर इंजिनिअर झालेल्या एकाचा होता. त्यात असं होतं:

"सहावीची वार्षिक परीक्षा चालू होती. वॉर्डनसाहेबांनी खुंटीला टपाल टाकायला पाठवलं आणि आम्हा चाळीस जणांना जेवणघरात बोलावलं. म्हणाले, त्याची आई काल गेली. परीक्षा संपायला आठ दिवस आहेत. तोवर त्याला कळता कामा नये. आम्ही चाळीस पोरांनी अळीमिळी गुपचिळी केली. एकानेही तोंड उघडलं नाही. बंधूभाव म्हणजे काय, ते मी त्या आठवड्यात शिकलो."

खुंटीने 'बंधूभाव'मधला दीर्घ ऊ ऱ्हस्व केला. अठरावा लेख पुढे ओढला. त्याचं एक पान वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काहीच वाचलेलं नाही.

आई गेल्याचं त्याला उशिरा कळलं, हे त्याला माहीत होतं. तार उशिरा आली असेल, असं त्याने बाराव्या वर्षी धरलं आणि पुढे सत्तेचाळीस वर्षं ते तसंच राहिलं. पण ते आठ दिवस त्याला चांगले आठवत होते. बायकोला शाळेतलं काही सांगितलं असेल, तर तेवढंच. त्याआधी दोन वर्षं त्याला कोणी कुत्रं विचारत नव्हतं. त्या आठवड्यात मात्र रविवारी त्याच्या ताटात सहा अंडी आली. फुटबॉलच्या कप्तानाने त्याला स्वतःहून संघात घेतलं. रंगीत पेन्सिलींना कोणाचा हात लागू न देणाऱ्या पोराने अख्खी पेटी त्याच्यापुढे सरकवली. आपण एकदाचे यांच्यातले झालो, असं त्याला वाटलं. त्याने आईला चार पानी पत्र लिहिलं, की मी आता इथे सगळ्यांचा लाडका आहे, तू काळजी करू नकोस. ते त्याने वॉर्डनसाहेबांच्या हातात दिलं. साहेब म्हणाले, "अक्षर छान आहे." आठव्या दिवशी भूगोलाचा पेपर झाला, तेव्हा त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो लिलावाच्या गाळ्यात गेला. भोंगा जुन्या कपाटांवर चिठ्ठ्या डकवत होता.

"सतरावा लेख," खुंटी म्हणाला. "ते खरं आहे?"

भोंग्याने चिठ्ठी हातातच धरली. "तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं, नंतर कोणीतरी बोललं असेल." तो एका कपाटाला टेकला. "माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण तेवढं एक मी कोणाला सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही."

"अंडी द्यायला साहेबांनीच सांगितलं होतं?"

"छे. ते आमचं आम्हीच."

खुंटीने मान हलवली. राग येतोय का, हे तो आत चाचपून बघत होता. भूल दिलेल्या हिरडीवर बोट दाबल्यासारखं होतं. दाबलेलं कळत होतं, दुखत नव्हतं.

"तो लेख काढून टाकू?" भोंग्याने विचारलं.

"राहू दे. वाक्यरचना बरी आहे."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "चहा ठेवू?" त्याने हो म्हटलं आणि चहा होईपर्यंत ताईला फोन लावला. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. बसने दोन तासांवर राहायची. वर्षातून दोनदा भेट व्हायची, तीही पाहुण्यासारखी. ती कधी वाकडं बोलली नव्हती, पण गोडही नाही. बायकोला वाटायचं, नणंदेचं आपल्यावरच काहीतरी आहे.

"ताई, आई गेल्याचं मला शाळेत आठ दिवसांनी सांगितलं," तो म्हणाला. "बाकी सगळ्यांना आधीच माहीत होतं. मला आत्ता कळलं."



"आठ दिवसांनी?" ताई म्हणाली. "बाबांनी त्याच दिवशी शाळेत फोन केला होता. ठेवला आणि म्हणाले, पोराला परीक्षा द्यायची आहे, तो येत नाही म्हणतोय."

"मी कोणाला काही म्हणालोच नव्हतो."

"मी दाराशी थांबले होते. तू येशील म्हणून." ताई म्हणाली. "आणि मग इतकी वर्षं मी तुला..."

 

"माझं पत्र आलं होतं का? चार पानी, आईच्या नावाचं?"

"नाही रे. कुठलंच नाही."

बायकोने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली.

"त्या दिवशी कुठला पेपर होता?" ताईने विचारलं.

"गणिताचा."

"कसा गेला?"

"चांगला गेला."

"बरं," ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

शनिवारी ती न कळवता आली. हातात पिशवी, चार दिवसांचे कपडे. बायकोची थोडी धांदल उडाली, पण ताई सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि तिच्याबरोबर मटार सोलायला बसली. सोमवारी ती त्याच्याबरोबर कामावर आली आणि बाकाशेजारच्या स्टुलावर बसून तो मेणात एकेक दात कसा बसवतो ते बघत राहिली. वॉर्डनसाहेबांना जाऊन वीस वर्षं झाली होती, बाबांना पंधरा. शिव्या द्यायच्या तर कोणाला, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे तो विषय निघाला नाही.

त्याऐवजी त्याने विचारलं, "आई काय काम करायची? टेलिफोन खात्यात ना?"

"स्विचबोर्डवर, फोन जोडून द्यायची. तुला आठवत नाही?"

"तिचे हेडफोन आठवतात. चेहरा फोटोतला आठवतो."

ताई सांगायला लागली. आईचा डावा कान हेडफोनने कायम लाल असायचा. घरीसुद्धा कोणी हाक मारली की ती "बोला" म्हणायची. नंबर पाठ, पण पोरांचे वाढदिवस विसरायची. तिने शिवलेली बटणं दोन दिवसांत तुटायची. दवाखान्यात शेवटच्या दिवशी नर्सने तिला हलवून हाक मारली, तेव्हाही ती "बोला"च म्हणाली.

खुंटी हात धुऊन आला आणि त्याने ते सगळं अर्ध्या पानात लिहून काढलं. वाईट वाटायला हवं, असं त्याला वाटत होतं. तेवढंच वाटत होतं. पण हात थांबला नाही.

भोंग्याने ते पान वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "यात शाळा कुठे आहे?"

"नाही."

"मग?"

"चाळीस जणांनी जिच्यासाठी तोंड बंद ठेवलं, ती कोण होती ते कोणालाच माहीत नव्हतं. मलाही फारसं नव्हतं."

भोंग्याने एरवी यावर काहीतरी टोला हाणला असता. तो नुसता म्हणाला, "शेवटी घेतो."

पुस्तक जेवणघरात वाटलं गेलं. तिथल्या भिंतींचं प्लास्टर पडलं होतं आणि खुर्च्या भाड्याने आणल्या होत्या. बोटीवरच्या इंजिनिअरने आपला लेख मोठ्याने वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि खुंटीकडे वळून बघितलं. त्यांना तो उभा राहायला हवा होता, म्हणून तो उभा राहिला. मग बसला. इंजिनिअरने येऊन त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडलाच नाही.  खुंटीनेही तो काढून घेतला नाही.

ताई आता महिन्यातून एकदा येते. बायको तिच्यासाठी बाहेरच्या खोलीतली खाट रिकामी ठेवते. दोघं भाऊबहीण फार बोलत नाहीत. ती पेपर वाचते, तो अधूनमधून आईबद्दल एखादी बारीकसारीक गोष्ट विचारतो, आणि तिला आठवलं तर ती सांगते.