पंडुमाच्या पंगतीतलं रिकामं पान

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. टाळायला फारसे कष्टही पडले नाहीत. घरात माझ्या नोकरीच्या आठवणी निघाल्या की मी वाघाची गोष्ट सांगत असे. तो वाघ मी पाहिलेला नव्हता, पण त्या गोष्टीत कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग मागच्या वर्षी माझी नात पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात स्वयंसेवक म्हणून राहून आली. तिथल्या खेड्यात पाण्याची टाकी बांधायला, शाळेच्या भिंती रंगवायला ही मुलं जातात. घरी जिनं कधी स्वतःच्या हातानं माठ भरला नाही, ती तिथे लांबून पाणी वाहून आणत होती म्हणे. मी तिला त्यावरून पुष्कळ छळलं. ती हसली आणि सांगू लागली, "आजोबा, पहिल्याच दिवशी त्यांनी मला मधोमध बसवलं आणि आपल्या ताटात हात घालायला लावला. मी परकी, मला त्यांची भाषा येत नाही, तरी!" मग एकदम तिनं विचारलं, "तुमच्याकडे तिकडचा कोणी कामाला आला होता ना? आजी सांगायची."

मी वाघ काढला. ती म्हणाली, "वाघ नको. तो माणूस सांगा."

तिला अर्धं सांगितलं. उरलेलं इथे लिहितो.

पन्नास सालानंतरचा तो काळ. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती आणि गावोगाव सामुदायिक विकासाचं वारं सुटलं होतं. मी नवाकोरा ग्रामसेवक. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलातलं एक गोंडांचं गाव माझ्या वाट्याला आलं होतं. तिथल्या तलावाची पाळ फुटली होती आणि पावसाळ्याआधी ती श्रमदानानं बांधून घ्यायची होती. अशात वरून निरोप आला, की नागपूरला शेतकीच्या कॉलेजात शिकणारा टांगानिका, म्हणजे आताच्या टांझानिया, देशाचा एक विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत स्वयंसेवक म्हणून येतो आहे. त्याची नीट व्यवस्था ठेवावी.

मी त्याला आणायला वडसा स्टेशनवर गेलो. छोट्या गाडीच्या डब्यातून तो, घडी घातलेली खाट उलगडावी तसा, टप्प्याटप्प्यानं बाहेर आला. इतका उंच माणूस आमच्या गावानं पाहिलेला नव्हता. धानोऱ्याहून पुढे बैलबंडीत तो मावेना, म्हणून अर्धा रस्ता तो बंडीमागून चालत आला. गावात शिरल्यावर गावच्या गायत्यानं, म्हणजे देवाधर्माचं आणि गावाचं सगळं पाहणाऱ्या म्हाताऱ्यानं, त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाला, "बाबू, याले पाळीवर उभा करा. पानी अडून जाईन."

त्या दिवसापासून तो 'लंबा पावना' झाला.

काम सकाळी लवकर सुरू होई आणि ऊन चढलं की थांबे. तलावाच्या तळातली माती खणायची आणि पाळीवर नेऊन टाकायची. पुरुष कावडीनं माती वाहत, बायका डोक्यावर टोपलं घेत. हा नियम पावन्याला कोणी सांगितला नाही. त्यानं पहिल्याच दिवशी भरलेलं टोपलं उचललं, डोक्यावर ठेवलं आणि हात सोडून ताठ चालत सुटला. सगळ्या बायका टोपली खाली ठेवून हसायला लागल्या. गायत्याची म्हातारी सगळ्यांत फटकळ. ती ओरडली, "अगा पावन्या, लुगडं देऊ का तुले?"

त्यानं मला विचारलं, ती काय म्हणते. मी सांगितलं. तो इतका हसला की टोपलं पडलं. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यानं तिला सांगितलं, की आमच्याकडेही ओझं बायकाच वाहतात, पुरुष झाडाखाली बसून गप्पा मारतात.

"मंग तं हा आपलाच हाय," म्हातारी म्हणाली. "आमचा बुढा तेच करून राह्यला जन्मभर."

दुसऱ्या दिवशी त्यानं कावड घेतली आणि चिखलात पाय घसरून कावडीसकट खाली बसला. तिसऱ्या दिवशी तो तरुणांच्या बरोबरीनं चालत होता. मी काय करत होतो? मी छत्री घेऊन पाळीवर उभा होतो. माझ्याकडे एक शिट्टी होती. काम सुरू करायला आणि थांबवायला ती वाजवायची असा माझा हुद्दा होता. गाव मात्र शिट्टीच्या आधीच काम सुरू करी.

आता जेवणाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं आहे.

त्या गावात आल्यापासून मी हातानं स्वयंपाक करत होतो. चांद्याहून स्टोव्ह आणि पितळी पातेलं आणलं होतं. गावात कोणी जेवायला बोलावलं, तर मी पोटावर हात ठेवून तोंड वाकडं करी. खरं कारण असं, की आमच्या घरात गोंडाच्या हातचं खाणं ही कल्पनाही कोणी केली नव्हती. विकास, समता, श्रमदान यांवर मी कितीही वेळ भाषण करू शकलो असतो. पण भाताच्या घासापाशी माझी गाडी थांबत होती. पावना आला तेव्हा त्याची पंगतही मी माझ्याकडेच ठेवली. तो गावात जेवायला लागला असता, तर माझं पोट रोज रोज कसं दुखलं असतं? मी गावाला सांगितलं, की डॉक्टरनं त्याला पथ्य दिलं आहे. त्याला सांगितलं, की गावकऱ्यांत परक्याला जेवू घालायची पद्धत नाही.

तो रोज माझी खिचडी खात होता. एकदा चमचा पातेल्यात उभा करून म्हणाला, "हीच पाळीवर टाकली असती, तर पाळ कधी फुटली नसती."

पण एका संध्याकाळी तो थट्टेत नव्हता. नागपूरच्या वसतिगृहात काही मुलं तो बसला की ताट उचलून दुसरीकडे जात, हे त्यानं मला तेव्हा सांगितलं. "म्हणून मी जंगलात आलो," तो म्हणाला. "माझी आजी सांगायची, ज्या गावात घाम गाळला तिथे जेवलो नाही, तर आपण तिथे होतोच असं म्हणू नये." मग म्हणाला, "असो. पद्धत ती पद्धत."

मी स्टोव्हला पंप मारत राहिलो.

दरम्यान आंबे लागले होते. पाळीच्या कडेला मोठी गावठी झाडं होती आणि वाऱ्यानं कैऱ्या खाली पडत. पावन्यानं एक उचलून तोंडाशी नेली, तर चारी बाजूंनी आरडाओरडा झाला. म्हातारी धावत आली आणि तिनं त्याच्या हातातली कैरी हिसकावून घेतली. नवा आंबा आधी देवाला, मग गायत्याच्या हातून गावाला. त्या सणाला ते मरका पंडुम म्हणत. पंडुम होईपर्यंत लहान पोरंसुद्धा आंब्याला तोंड लावत नसत. मी त्याला हे समजावून सांगायला गेलो, तर तोच मला समजावू लागला. त्याच्या आजीच्या घरी नव्या मक्याचं असंच होतं; मोठ्यांनी हातावर ठेवल्याशिवाय कणीस खायचं नाही. त्यानं कान पकडून म्हातारीची माफी मागितली. तेव्हापासून रोज काम संपलं की तो झाडाखाली उभा राहून तिला विचारी, "बाई, आज?"

"नाई रे बाप्पा!" ती म्हणे. "तोंड वर करून काऊन उभा? तुह्या उंचीनं आंबे लाजून राह्यले."

एका सकाळी गायता आमच्या ओसरीवर आला. डोक्याला स्वच्छ फडकं बांधलेलं, चेहरा फुललेला. "बाबू, उद्या पंडुम हाय," तो म्हणाला. "गावानं ठरवलं, पावन्याले माह्या बाजूले बसवाचं. पयला तुकडा त्याच्याच हातावर ठेवीन मी. त्यानं या गावची माती उचलली, तो गावचाच झाला. पथ्य असन तं एक तुकडा खाईन, त्यानं काई होत नाई." मग माझ्याकडे बघत डोळे बारीक करून म्हणाला, "तुमीबी या. पोट बरं असन तं."

त्याला माझं पोट केव्हाच कळलेलं होतं.

पावना माझ्याकडे बघत होता. 'पंडुम' हा शब्द त्यानं ओळखला होता. "काय म्हणतात?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

मला सावरायला फार वेळ लागला नाही, हेच मला आजवर खुपतं. तो त्या पंगतीत बसला असता, तर मलाही बसावं लागलं असतं. माझं लग्न ठरत होतं. धानोऱ्याच्या बाजारात झालेली गोष्ट चांद्याला पोचायला वेळ लागत नसे. मी त्याला म्हणालो, "उद्या त्यांची पूजा आहे. बाहेरच्या माणसांनी गावात थांबायचं नसतं. आपण दिवसभर बाहेर जावं अशी विनंती करायला आले आहेत." आणि गायत्याकडे वळून म्हणालो, "भाऊ, उद्या त्याच्या धर्माचा उपास आहे. पाणीसुद्धा चालत नाही."

मी इंग्रजीत बोलत होतो तेव्हा गायता हसऱ्या तोंडानं उभा होता. पावन्याला त्या हसऱ्या तोंडातून 'गावाबाहेर जा' ऐकू आलं. त्यानं दोन्ही हात जोडले, वाकून म्हणाला, "ठीक है, बाबा."

दुसऱ्या दिवशी आम्ही धानोऱ्याच्या वाटेनं उगीचच चालत गेलो. मागून ढोलाचा आवाज येत होता. नाल्याकाठी बसून आम्ही डब्यातली गार खिचडी खाल्ली. त्यानं एकदाही थट्टा केली नाही. परतताना वाटेवर आंबे पडले होते. मी म्हटलं, "घे ना. आता चालतं. पंडुम झाला."

"त्यांचा झाला," तो म्हणाला. "माझ्या हातावर कोणी ठेवला नाही."

पाळ पुरी झाली. शेवटचे दिवस त्यानं आणखी राबून काढले, पण झाडाखाली उभं राहून तो 'बाई, आज?' असं विचारीना. म्हातारीनं मला दोनदा विचारलं, पावन्याचं काही दुखतं का. मी म्हटलं, घरची आठवण येत असेल.

निघायच्या दिवशी सगळं गाव बंडीपाशी जमलं. गायत्यानं फडक्यात बांधलेले आंबे पुढे केले. पावन्यानं गाठोड्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि गाठोडं हलकेच परत केलं. मला म्हणाला, "त्यांना सांग, मी त्यांच्या पंगतीतला नाही. नियम मोडून खाणार नाही. पण राग नाही."

मी गायत्याला सांगितलं, "म्हणतो, ओझं होईल."

गायत्यानं बंडीकडे पाहिलं. ती जवळजवळ रिकामीच होती. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हाबी खात नाई का आमच्या हातचं?" तो हळूच म्हणाला. "उपास म्हनलं तरी पंडुमाले त्याचं पान मांडून ठेवलं होतं, बाबू. सारे उठले तरी उचललं नाई. आमाले वाटलं, तुमी नाई तं नाई. हा तरी खाईन."

म्हातारीनं पहिल्यांदाच कसलाही टोमणा मारला नाही. बंडी हलली. पावना या वेळीही मागून चालत होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी नागपूरला गेलो, तेव्हा मुद्दाम त्याच्या वसतिगृहात गेलो. काय बोलायचं ते गाडीत घोकत गेलो होतो. त्यानं मला मिठी मारली, खोलीत चहा केला आणि सगळ्यांत आधी विचारलं, "पाळ टिकली?"

"टिकली. तलाव भरला होता."

"आणि तुझी खिचडी?"

"तीही टिकून आहे."

तो मनापासून हसला. खिडकीत आंब्याच्या कोयी वाळत होत्या. मी तिकडे पाहतो आहे हे बघून म्हणाला, "इथे खातो मी. बाजारातल्या आंब्याला पंगत लागत नाही." मी कपातला चहा ढवळत बसलो. मग पाळीबद्दल बोललो, गिरक्या घेत आलेल्या पाण्याबद्दल बोललो, सांडव्याबद्दल तर फारच बोललो. दारापर्यंत पोचवायला येऊन त्यानं विचारलं, "म्हातारीला मी आठवतो का?" मी म्हटलं, "रोज." हे मात्र खरं होतं.

तो त्याच्या देशाला गेला. त्या गावातून माझी बदली झाली. पुढे एकदा मी तिथे गेलो, तेव्हा गायता गेला होता आणि म्हातारीला दिसत नव्हतं. तिनं माझा आवाज ओळखला आणि आत नेऊन भात वाढला. मी जेवलो. "पोट बरं झालं वाटते," ती म्हणाली. मी आणखी भात मागून घेतला; पावन्याचं खरं काय ते तेव्हाही सांगितलं नाही.

नात त्याच्याच देशाला निघाली, तेव्हा तिच्यासोबत निरोप द्यावा असं फार वाटलं. पण एवढ्या मोठ्या मुलखात ती कोणाला शोधणार, आणि तो आहे की नाही हे तरी कोणाला माहीत? मी तिला आंब्याच्या लोणच्याची बरणी तेवढी दिली. ती त्यांच्या ताटात रिकामी झाली, असं तिनं आल्यावर सांगितलं.

वसतिगृहाच्या त्या खोलीत म्हणायचं होतं ते एवढंच होतं: तुला गावानं बाहेर जायला सांगितलं नव्हतं, मी सांगितलं. म्हाताऱ्यानं तुझं पान आपल्या शेजारी मांडलं होतं आणि सगळे उठले तरी ते उचललं नव्हतं. तू त्या गावचा होतास. चुकलं ते माझं. मला माफ कर.