हंड्यावरचं नाव

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. एकदा गणपतीत सगळे जमलेले असताना विषय अगदी ओठापर्यंत आला होता — मामांच्या घराचा, त्या यादीचा — आणि मी उठून चहा टाकायला गेले. चहा टाकणं हा माझा पळून जायचा जुना रस्ता आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हांला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही जात नाहीये.

सुरुवात कुठून करू? घरापासून करते. घराबद्दल बोलायची मला भीती वाटत नाही.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालची गोष्ट. माझे मामा पालीला राहायचे. बाजारापासून दहा मिनिटांवर चिऱ्याचं कौलारू घर — पुढे पडवी, मध्ये माजघर, मागे न्हाणी. मामी आधीच गेलेल्या, मूलबाळ नव्हतं. मामा गेले आणि मृत्युपत्र निघालं. घर आणि सामान निम्मं माझं, निम्मं त्यांच्या मुंबईच्या पुतण्याचं. पुतण्याला ते पटलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने सांगितलं, आधी घरातल्या वस्तूंची यादी करा आणि किंमत ठरवा. त्यासाठी एका वकिलांना कमिशनर नेमलं. ते यायच्या आत घर उघडून, साफ करून, सगळं नीट मांडून ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी रत्नागिरीत पहिलीच्या मुलांना शिकवत होते, पुतण्या होता मुंबईत. आता सांगा, कुणाला जवळ?

घर सबंध पावसाळा बंद होतं. बिल न भरल्यामुळे वीज तोडलेली, मीटरसुद्धा काढून नेलेला. कुलूप उघडलं तेव्हा पौष चालू होता. जमीन पायाला गार लागत होती, भिंतींना बुरशी आलेली, आणि माजघरात भरदुपारी काळोख. बटण दाबायची सवय जात नाही हो. मी दोन रविवार तिथे राबले आणि दर वेळी दारातून आत जाताना हात भिंतीकडे जायचा. कंदील लावला, पण कंदिलाच्या उजेडात कळशी कुठली आणि डबा कुठला तेही धड कळेना. कमिशनरसाहेबांनी आधीच कळवलं होतं की अंधारात पाहिलेल्या वस्तूची किंमत ते लिहिणार नाहीत. म्हणजे सगळं घर उचलून खळ्यात, उन्हात आणायचं. घडवंची, पाट, गाद्या, बरण्या, भांडी, सगळं.

एकटीला ते झालंच नसतं. जनाक्का आली म्हणून झालं.

जनाक्का मामांकडे पंचवीसएक वर्षं होती. लग्नानंतर नवरा मुंबईला गेला तो परत आलाच नाही. सासरच्यांनी ठेवली नाही, भावाच्या घरी जागा नाही, मग मामींनी ठेवून घेतली. कामवाली म्हणायचं तर कामवाली, घरची म्हणायचं तर घरची. आपल्याकडे असं दोन्ही म्हणून ठेवायची सोय असते. मामींची दुखणी तिने काढली, मग मामांची. मामा गेल्यावर ती सामान तिथेच ठेवून भावाच्या गावी गेली, आणि मी निरोप धाडला तशी पहिल्या एस.टी.ने हजर झाली. न विचारता पदर खोचला आणि चिंच घेऊन भांड्यांना भिडली.

मृत्युपत्रात तिच्याबद्दल एक ओळ होती. घरात राहणाऱ्या जनाबाईच्या स्वतःच्या ज्या वस्तू असतील त्या तिला नेऊ द्याव्यात. एवढीच. कुठल्या वस्तू ते मामांनी लिहिलं नव्हतं. त्यांना वाटलं असणार, सगळ्यांना ठाऊकच आहे.

आणि ठाऊक होतंच. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, आणि तांब्याचा हंडा. हंडा तिच्या बापाने लग्नात दिलेला. सासरहून निघाली तेव्हा तेवढाच डोक्यावर घेऊन निघाली होती. मामींचा हंडा गळायला लागला तेव्हा जनाक्काने आपला न्हाणीच्या चुलीवर चढवला, तो कायमचाच. सुट्टीत मी तिथे जायची, तेव्हा तिच्याच हंड्यातल्या पाण्याने अंघोळ करायची. त्याचा आकार मला डोळे मिटून सांगता येईल.

दुसऱ्या रविवारी तिने हंडा घासून असा काढला की उन्हात त्याच्याकडे बघवेना. मग तो उचलून ट्रंकेशेजारी पायरीवर ठेवला आणि म्हणाली, "ताय, माजा ह्यो वायला ठेवलाय. ह्याची कायपन काळजी न्हाय. ह्याच्यावर माजा नाव हाय."

मी गाद्या झटकत होते. झटकतच राहिले.

इथे मला जरा थांबू द्या.

मी सोळा वर्षांची असताना, मे महिन्यात, मामांकडे भांड्यांवर नावं घालणारा आला होता. देवळाच्या उत्सवाला गावजेवण असायचं, घराघरांतून भांडी जायची, आणि ती ज्याची त्याला परत मिळावीत म्हणून नाव हवंच. मामा-मामी बाहेर गेलेले, जनाक्का भावाकडे. मला सांगून ठेवलं होतं की सगळ्या भांड्यांवर मामांचं नाव आणि पुढे 'पाली' घालून घे. मी मोठ्या ऐटीत पडवीत बसून एकेक भांडं पुढे करत होते. हंड्याची पाळी आली तेव्हा हात थांबला. हा जनाक्काचा. तो माणूस छिन्नी धरून विचारत होता, बाई, नाव काय घालू? आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. जना, इतकंच. जना काय? नवऱ्याचं नाव काय, आडनाव काय? नुसतं 'जना' कुणी भांड्यावर घालतं का? तो वाट बघत होता, मला लाज वाटली, आणि मी म्हटलं, तेच घाला.

दोन दिवसांनी ती परत आली. हंड्यावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवत तिने विचारलं, हे काय काढलंय? ती रागावेल या भीतीने मी म्हटलं, तुझं नाव.

बस. तेवढंच. तिला अक्षरओळख नव्हती. ती इतकी हरखली की त्यानंतर खरं सांगायची माझी छातीच झाली नाही. शेजारपाजारच्या बायकांना तिने बोलावून दाखवलं. त्यांना तरी कुठे वाचता येत होतं? मामींच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी माझा कान धरला असता, पण गेलं नाही. पुढची सतरा वर्षं ती तो हंडा घासताना ठिपक्यांपाशी आली की हात हलका करायची. मी पाहिलंय ते. दर सुट्टीत पाहिलंय.

तर त्या रविवारी माझ्याजवळ अख्खा दिवस होता. ती, मी आणि ते रिकामं घर. सांगता आलं असतं ना? जनाक्का, मी तेव्हा खोटं बोलले होते, उद्या साहेब आले की मीच सांगेन हंडा तुझा आहे म्हणून. किती वाक्यं होतात ही? मी मनात जुळवलीसुद्धा. मग ऊन उतरलं, घरात उजेड नाही म्हणून लवकर आवरलं, आणि मी शेवटच्या एस.टी.ने रत्नागिरीला आले.

सोमवारी रजा टाकून गेले. कमिशनरसाहेब सज्जन होते, वयस्कर, हळू बोलणारे. पुतण्या बूट घालून सारवलेल्या पडवीत फिरत होता, सोबत त्याचा वकील. यादी सुरू झाली. दुपारपर्यंत गाद्या-पाट-बरण्या झाल्या आणि साहेब पायरीपाशी आले. मृत्युपत्रातली ओळ त्यांनी वाचून दाखवली आणि जनाक्काला विचारलं, तुमचं काय काय? तिने दाखवलं. ट्रंकेला आणि वळकटीला कुणी हरकत घेतली नाही. हंडा पाहून पुतण्या म्हणाला, हा तर मी लहानपणापासून काकांच्या न्हाणीत बघतोय.

जनाक्का घाबरली नाही. उलट हसली. म्हणाली, साहेब, नाव वाचून बघा की.

साहेबांनी हंडा उन्हाकडे कलता केला आणि मामांचं नाव वाचलं. पुढे 'पाली'.

पुतण्याचा वकील जरा खाकरला. जनाक्काने साहेबांकडे पाहिलं नाही, पुतण्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे वळली. "ताय, तू वाच," म्हणाली.

मी वाचलं. पहिलीतल्या पोरासारखं, अक्षर अक्षर लावत, जणू काही तो हंडा मी आयुष्यात प्रथमच पाहत होते — मामांचं नाव वाचलं. हेच सांगायचं होतं मला. खोटं बोलले ते सोळाव्या वर्षी, ते एक वेळ बाजूला ठेवा. तेहतिसाव्या वर्षी मी तिच्या तोंडावर खरं वाचून दाखवलं आणि गप्प बसले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, तूच तर सांगितलं होतंस. म्हणायला हवं होतं. एका वाक्यात मी उघडी पडले असते, आणि देवाशपथ, त्या क्षणी मला तेच हवं होतं — तिने बोलावं, म्हणजे मला बोलावं लागेल. ती बोलली, पण साहेबांशी. "मंग माजीच कायतरी चूक झाली आसंल, साहेब. माफी करा. मी आडाणी बाय."

हंडा यादीत गेला. तांब्याचा हंडा, जुना, नाव असलेला, एक. मी खाली सही केली. जनाक्का ट्रंक डोक्यावर घेऊन निघाली तेव्हा मी नाक्यापर्यंत सोबत गेले, वळकटी मीच धरली होती. एस.टी. आल्यावर ती इतकंच म्हणाली की घर बंद करण्याआधी बरण्यांची तोंडं बांध, नाहीतर मुंग्या लागतील.

निकाल लागायला तीन वर्षं गेली. वाटणीत हंडा माझ्याकडे आला. तिला नेऊन द्यायचा, असं मी दर महिन्याला ठरवत होते. नेला असता तर सांगावं लागलं असतं, म्हणून नेला नाही. मग एका पावसाळ्यात तिच्या भावाच्या गावचा माणूस बाजारात भेटला, त्याच्याकडून कळलं की ती गेली.

हंडा माझ्या माळ्यावर आहे. वर्षातून एकदा काढून चिंचेने घासते. मध्यंतरी गल्लीत नावं घालणारा आला होता, आता त्याच्याकडे मशीन असतं. मी हंडा खाली घेऊन गेले. त्याने विचारलं, काय घालू?

जना. त्यापुढे मला आजही माहीत नाही.