कुऱ्हाडीची खोळ

आमच्याकडं कुऱ्हाड कुणाच्या हातात देत नाहीत. जमिनीवर ठेवायची, समोरच्यानं उचलून घ्यायची. हातात दिली की त्या दोघांत भांडण लागतं म्हणतात. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई हा नियम अगदी काटेकोर पाळत होतो. आमचं भांडण आधीच लागलेलं होतं, ही गोष्ट वेगळी.

भांडण बांधावरच्या बाभळीचं. आमच्या उसावर सावली पडते म्हणून माझ्या मालकांनी ती तोडली. जाऊबाईंची शेरडं दुपारची त्याच सावलीला बसायची. त्या दिवशी त्यांनी बांधावर उभं राहून मला काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही, आणि मी जे ऐकवलं ते तर मुळीच नाही. पुढं थोरले दीर गेले. मग माझे मालक गेले. बाभळीचं सरपण होऊन केव्हाच जळून गेलं. भांडण तेवढं धडधाकट राहिलं, कारण मध्ये पडून मिटवणारं कुणी उरलंच नाही.

तरी कुऱ्हाड ये-जा करायची. दोन्ही घरांत मिळून धड अशी ती एकच, माझ्या मालकांची. गॅस दोघींकडं आहे, पण अंघोळीच्या पाण्याला चूलच पेटते, आणि सरपण फोडायला कुऱ्हाड लागतेच. जाऊबाई यायच्या, ओट्यापाशी उभ्या राहून खाकरायच्या. मी खुंटीवरची कुऱ्हाड काढून ओट्यावर ठेवायचे. त्या उचलायच्या आणि चालू लागायच्या. संध्याकाळी कुऱ्हाड परत ओट्यावर. बोलणं नाही, बघणंसुद्धा नाही.

पण ते खाकरणं ऐकलं की मला बरं वाटायचं. आता सांगायला काय हरकत आहे? कऱ्हाटी गावापासून आत, वस्तीवर मी एकटी. मुलगा लोणी देवकरला कंपनीत, इंदापुरात खोली घेऊन सुनेबरोबर राहतो. जाऊबाईंची मुलगी बावड्याला दिलेली. इकडं एक घर, तिकडं एक घर, मध्ये बांध, आणि दोन्हीकडं एकेक म्हातारी टीव्हीतल्या बायकांना शहाणपण शिकवत बसलेली. दिवसभरात माझ्याशी बोलतं कोण? कुत्रं. तेही भाकरी मिळेपर्यंत.

यंदा थंडी पडायच्या आधी मी कुऱ्हाडीला चांगली धार लावून आणली. जाऊबाई नेहमीसारख्या घेऊन गेल्या. त्यांची जुनी खोड, कुऱ्हाड हातात लोंबती धरून चालायचं. संध्याकाळी ती ओट्यावर परत आली तेव्हा ओली होती. धुतलेली. कुऱ्हाड कोण धुतं? दुसऱ्या दिवशी बांधापलीकडं बघते तर बाई लंगडत चाललेल्या, पोटरीला फडकं गुंडाळलेलं.

म्हणजे मी लावलेली धार त्यांच्याच पायाला लागली होती. पण विचारायचं कसं? इतकी वर्षं तोंडाला कुलूप घालून बसलेली मी, एकदम जाऊन काय म्हणू? मुलाला फोन लावला. म्हटलं, "आरं, तुझ्या थोरल्या आईला लागलंय. फोन करून विचार की."

"तूच विचार की आई. चार पावलांवर तर ऱ्हाती."

शहाणा! चार पावलं चालता आली असती तर ह्याला फोन कशाला केला असता?

म्हणून मी कुऱ्हाडीला खोळ शिवायला घेतली. पायाचं विचारता येत नव्हतं, निदान पुन्हा लागू नये एवढं तरी बघता येत होतं.

चामडं घरात होतं. बैल विकले तेव्हा त्यांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे मी ठेवून घेतले होते. ट्रॅक्टरला ते काय कामाचे, पण टाकवले नाहीत. रुंद, जाड पट्टे, दोन बैलांचे दोन. त्यातला एक बैल जाऊबाईंच्या गाईचा गोऱ्हा, भांडणाच्या आधी त्यांनीच आम्हाला दिलेला. घुंगरं उसवून पट्टे पाण्यात भिजत घातले आणि बघता बघता मोरीत बैलांचा वास सुटला. घाम, पेंड, गोठा, सगळंच आलं त्या वासाबरोबर. मी तिथंच बसून रडले. चांगली पदर तोंडाला लावून रडले.

मग डोळे पुसले आणि कामाला लागले. खताच्या रिकाम्या गोणीचा तुकडा पात्यावर ठेवून माप घेतलं, त्याबरहुकूम दोन्ही पट्टे कापले, पात्याच्या एकेका बाजूला एक. चामड्यात दाभण शिरेना, तेव्हा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून खिळ्यानं भोकं पाडली आणि गोधडीला घालते तसा धावदोरा घातला. दिसायला झकास! कौतुकानं कुऱ्हाड आत सारली, तर पातं थेट टाक्यांवर जाऊन बसलं आणि सगळा दोरा कापून खालून डोकं काढलं. आयुष्यभर गोधड्या शिवल्या, पण गोधडीत धारेची वस्तू कुणी घालत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सगळं उसवलं. आता दोन पट्ट्यांच्या मध्ये धारेच्या कडेनं उरलेल्या चामड्याची तिसरी पट्टी घातली, म्हणजे पातं पट्टीवर टेकेल आणि टाके बाहेर सुरक्षित राहतील. दोऱ्याला मेण लावलं. एका भोकातून इकडून एक टाका, तिकडून एक. बोटांची चाळण झाली. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, असलं ऑनलाइन मिळतं." म्हटलं, "ठेव फोन." शेवटी खोळ पात्यावर चढवून सावलीत वाळवली, गोडं तेल चोळलं, आणि बंद करायला गुंडी म्हणून त्याच पट्ट्यातलं एक घुंगरू लावलं.

कुऱ्हाड दिसावी म्हणून बाहेरच्या खुंटीला टांगली आणि खाकरण्याची वाट बघत बसले. जाऊबाई आल्या. ओट्यापर्यंत आल्या, खुंटीकडं बघितलं, आणि न खाकरताच मागं फिरल्या. मी दारामागं उभी! त्यानंतर त्या आल्याच नाहीत. मी रोज ओटा झाडायचे आणि त्या वाटेकडं बघायचे. एवढं सुनं मला मालक गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान माणसं येत होती.

एक दिवस सकाळी पलीकडून ठकठक ऐकू आली. बघते तर बाई उसाच्या कोयत्यानं लाकडाच्या ढलप्या काढतायत. कोयत्यानं! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना वाटलं, हिनं कुऱ्हाड झाकून, गुंडी लावून ठेवली, म्हणजे आता द्यायची नाही. आग लागो माझ्या अकलेला.

खुंटीवरची कुऱ्हाड काढली आणि तडक बांध ओलांडला.

"आक्का, धरा," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी तोंडातून पहिला शब्द निघाला तो असा, धमकी दिल्यासारखा.

त्यांनी कोयता थांबवला. "खाली ठेव."

"न्हाय ठेवत. झाकल्याली हाय. हातात दिली तरी चालती."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगती."

त्यांनी हात पुढं केला. घुंगरू वाजलं. मग चामड्यावरून अंगठा फिरवत त्या म्हणाल्या, "ह्यो आपल्या गोऱ्ह्याचा पट्टा न्हवं?"

"व्हय."

एवढंच. पायाचं विचारायचं म्हणून उभी राहिले. त्यांच्या लुगड्याच्या काठाकडं बघितलं, बाभळीच्या जुन्या खोडाकडं बघितलं, आणि आले तशीच परत. संध्याकाळी भाकरी थापताना स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ओट्यावर कुऱ्हाड. उघडी. खोळ नाही. ओट्याखाली बघितलं, अंगणात बघितलं, कुठंच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोटं अजून दुखतायत माझी, आणि ह्या बाईनं खोळ ठेवून घेतली! काय काय बोलायचं ते मनात जुळवतच मी बांधावरून गेले.

जाऊबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. खोळ मांडीवर.

"माझी खोळ द्या," मी म्हणाले.

"आलीस व्हय."

"खोळ द्या म्हणती न्हवं."

"देती की. पळून चाललीया का?" त्यांनी घुंगरू बोटानं हलवलं. "कुऱ्हाडीसाठी दर बारीला मीच यायची. तुला हितं यायला कायतरी कारण नको व्हय?"

जुळवून आणलेलं सगळं माझ्या डोक्यातून उडालं. रडू नये म्हणून मी खेकसले, "पाय बघू."

"त्यो कवाच बरा झाला," त्या म्हणाल्या, पण लुगडं वर सारलं.

जखम खरंच केव्हाच भरून आली होती. नुसता वण राहिला होता. तरी मी खाली बसले आणि हात लावून बघितला.