स्वप्न न पडणारे काका

माझ्या मावशीकडे सकाळचा चहा स्वप्नं सांगितल्याशिवाय मिळत नसे. सुटीत मी आणि माझा दादा तिच्याकडे राहायला जायचो. पुढच्या खोलीत आमच्या गाद्या घातलेल्या असायच्या. जाग आली की लगेच उठून बसायचं नाही, आळस द्यायचा नाही, डोळेसुद्धा उघडायचे नाहीत, असा तिचा दंडक होता.

"हलू नका रे," ती स्वयंपाकघरातून ओरडायची. "हललात की पळालंच समजा!"

मग आम्ही दोघं ज्या कुशीवर जाग आली असेल त्याच कुशीवर ओंडक्यासारखे पडून राहायचो. शेवटी जे दिसलं असेल ते घट्ट धरायचं, मग तो जिना असो नाहीतर कुणाचा तरी बूट, आणि तिथून उलटं मागे मागे जायचं. काहीच हाती लागलं नाही तर हळूच दुसऱ्या कुशीवर वळायचं. त्या बाजूला अडकून राहिलेलं कधीकधी सुटतं, असं ती अगदी छातीठोकपणे सांगायची. आणि रात्री दिवा घालवल्यावर स्वतःशीच एकदा म्हणायचं, 'सकाळी मला आठवायचंय.' एकदाच. सारखं घोकलं तर झोप रुसते म्हणे.

मावशीची स्वतःची स्वप्नं म्हणजे एकेक नमुना असायचा. एकदा तिच्या स्वप्नात आमच्या घरातले सगळे जण आपापले दात बशीत काढून ठेवून पत्ते खेळत होते आणि आई दुसऱ्याच कुणाचे तरी दात लावून उठून गेली. एकदा एक घोडा तिच्या ऑफिसात आला आणि खुर्चीवर बसून अगदी अदबीने म्हणाला, "बाई, घरी फोन लावून देता का? काळजी करत असतील." हे सांगताना ती स्वतःच इतकी हसायची की चहा उतू जायचा.

दादा कधीकधी रचून सांगायचा. चोर, पाठलाग, शेवटी पोलीस. मावशी शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "छान. पण हे तू आत्ता दात घासताना पाहिलंस. खऱ्या स्वप्नाला एवढी अक्कल नसते."

या सगळ्या गोंधळात फक्त एक खुर्ची रिकामी असायची. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, तोवर कधीच कामावर गेलेले असायचे. त्यांची कोपऱ्यावर बेकरी होती. गजराचं घड्याळ त्यांच्या उशाशी पितळेच्या ताटात ठेवलेलं असे, म्हणजे त्याचा आवाज दुप्पट व्हावा. गल्ली साखरझोपेत असताना ते भट्टी पेटवायचे आणि आम्ही चहा संपवेपर्यंत गरम पाव घेऊन दारात हजर व्हायचे. भुवया पिठाने पांढऱ्या झालेल्या असायच्या.

"काका, तुमचं स्वप्न?" आम्ही विचारायचो.

"मला नाही पडत बुवा. माझी झोप म्हणजे पिठाचं पोतं. टाकलं की टाकलं."

"पडतात हो," मावशी म्हणायची. "पण पहाटेच्या झोपेत पडतात ती खरी रंगतात आणि तेव्हा तुम्ही तिथे नसताच. ती बिचारी येऊन परत जातात."

काका हसून पाव कापायला घ्यायचे.

मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकांची मोठी पाटी आणि हातात वायरी. या भोकातून त्या भोकात वायर खुपसली की दोन माणसं एकमेकांशी बोलू लागायची. काकांशी तिची ओळखही तिथलीच. तरुण असताना काका रोज पिठाच्या गिरणीचा नंबर मागायचे. एक दिवस मावशी म्हणाली, "अहो, इतका फोन करून पीठ वेळेवर येतं तरी का?" काका म्हणाले, "पीठ कालच आलंय." लग्नाची गोष्ट इथेच पक्की झाली, असं दोघंही सांगायचे. कोण आधी हसलं यावर मात्र त्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, भोकांची पाटी भंगारात गेली. आम्ही मोठे झालो. दादा परदेशी गेला, माझं लग्न होऊन मी त्याच शहरात पण दुसऱ्या टोकाला राहायला गेले. मावशी साठी उलटून बरीच पुढे गेली होती, तेव्हा तिला छातीचं दुखणं लागलं आणि एका थंडीत ती गेली. हॉस्पिटलातल्या शेवटच्या सकाळीसुद्धा तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारलं होतं, "काय हो, काही दिसलं का रात्री?"

काकांनी बेकरी त्यांच्या हाताखालच्या कारागिराला चालवायला दिली. आम्हाला वाटलं, आता थोडी विश्रांती घेतील. ते दिवसभर खिडकीशी बसून राहायचे.

काही महिन्यांनी एका दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले. न कळवता येणारा माणूस नव्हे. पाणी प्यायले, पंख्याकडे बघितलं, माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली. मग म्हणाले, "तुला तिने शिकवलं होतं ना गं, ते?"

"काय ते, काका?"

"ते सकाळचं. हलायचं नाही, वगैरे." ते अवघडून चष्मा पुसायला लागले. "तुझ्या स्वप्नात येऊन गेली म्हणालीस. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्याही येते. त्यांच्याशी भाजीवरून भांडली म्हणे. माझ्याकडेच तेवढी येत नाही."

मग मी आतून खुर्ची ओढली आणि मावशीच्या आवाजातच सुरुवात केली. घड्याळ पहिलं कपाटात. पडदा जाड. रात्रीचं जेवण हलकं. जाग आली तरी पडून राहायचं.

"पडून राहायचं?" काकांना हेच सगळ्यात कठीण वाटलं. घड्याळ नसलं तरी त्यांचं अंग भट्टीच्या वेळेला आपोआप उठून बसायचं. आयुष्यभराची सवय ती. पहिले काही आठवडे त्यांचा फोन आला की एकच शब्द यायचा, "अंधार." कधी चिडून म्हणायचे, "म्हातारपणी हे काय खूळ!" पण दुसऱ्या दिवशी फोन यायचाच.

मग एका सकाळी म्हणाले, "काही दिसलं नाही. पण कुठेतरी जायला उशीर होत होता, असं मात्र वाटत होतं."

"काका, तेच! तेच धरून ठेवा!"

त्यानंतर एक हिरवं दार आलं. मग ओल्या लाकडाचा वास. आणि मग जणू बांध फुटला. काकांच्या भट्टीत त्यांचे शाळेचे मास्तर बसून गणितं तपासत होते. कणीक फुगून छताला लागली आणि आतून कुणीतरी पत्ता विचारत होतं. एका गिऱ्हाइकाने पावाऐवजी त्यांच्याकडे अर्धा किलो गुरुवार मागितला, आणि काका म्हणे शोधत बसले, कारण त्यांना पक्कं आठवत होतं की गुरुवार मागच्या फळीवर ठेवलाय. मी फोनवर हसून हसून बेजार झाले. काका मात्र वैतागलेले होते.

"जो तो येतोय गं. ज्यांना मी ओळखतही नाही ते येतात. हिला तेवढं यायला होत नाही."

मी समजूत घालायचे. पण खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. नाहीच आली तर?

ती आली पावसाळा संपता संपता. त्या दिवशी काकांनी फोन केला नाही, रिक्षा करून घरीच आले. डोळे लाल होते आणि चेहरा हसरा.

"रांगेत उभी होती," ते दारातूनच म्हणाले. "बेकरीत, गिऱ्हाइकांच्या रांगेत. हातात पिशवी. मला ओळखलंसुद्धा नाही! पाव दाबून बघते आणि म्हणते कशी, 'कालचा दिसतोय.' मला! माझ्या दुकानात! मी म्हटलं, बाई, आत्ता काढलाय भट्टीतून. आणि आतून एक गरम पाव आणून तिच्या हातावर ठेवला. तर चटके बसायला लागले म्हणून या हातातून त्या हातात उडवत राहिली आणि हसत सुटली."

ते खुर्चीवर बसले.

"मग जाग आली. पण मी हललो नाही हं. डोळे उघडले नाहीत. उजाडलं, दूधवाला बेल वाजवून गेला. वाजव म्हटलं. मी तसाच पडून होतो."

मी त्यांचा हात धरला. तो त्या भट्टीपाशी राहून राहून खरखरीत झालेला हात होता. आम्ही दोघंही रडलो आणि मग 'कालचा दिसतोय'वरून पुन्हा हसलो.

याला आता बरीच वर्षं झाली. मावशी त्यानंतरही त्यांच्याकडे अधूनमधून येते. रोज नाही, तिच्या मर्जीने. एकदा तर फक्त तिचा खोकला ऐकू आला, शेजारच्या खोलीतून. काका त्यावरही खूश होते. बागेतल्या बाकावर त्यांच्या वयाची माणसं जमतात, त्यांनाही त्यांनी नादी लावलंय. तिथे आता रक्तदाबाऐवजी स्वप्नांची चर्चा असते.

गेल्या महिन्यात मी भेटायला गेले तेव्हा काका खिडकीशी बसले होते. म्हणाले, "एक बाई आली होती. ओळखीची नाही. तरुण, अगदी तुझ्या मुलीएवढी. उंबऱ्यावर बसून केस विंचरत होती."

"कोण असेल?"

"माझी आई असेल का गं?"

काकांची आई ते रांगत होते तेव्हाच गेली होती. तिचा फोटो नाही. तिला पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही. काकांना मामाने वाढवलं, त्या मामाचीच ती बेकरी.

"काही बोलली का?" मी विचारलं.

"नाही. मान वळवून एकदा बघितलं आणि परत विंचरायला लागली. गुंता झाला होता केसांत." काकांनी बोटांनी हवेत तो गुंता सोडवून दाखवला. "मला काही घाई नव्हती. मी बघत बसलो."