वाफ धरलेली दशमी

तानुबाईची दशमी पाच दिवस टिकते, असं अमरावतीच्या कापूसबाजारात गाडीवान पैजेवर सांगत. दूर अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेला कापूस हवा होता, आणि अठराशे चौसष्टच्या त्या उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या गाड्यांची रांग अकोल्याकडे लागली होती. वाटेत चार मुक्काम. दर मुक्कामाला चूल मांडायला कोणाला वेळ नव्हता. शिदोरीत तानुबाईची दशमी असली की झालं.

तानुबाई माळ्याची. नवरा गेल्यावर मळा दिराकडे गेला आणि ती बाजाराच्या कडेला चूल मांडून बसली. तिच्या दशमीत गुपित असं काही नव्हतं. ज्वारीचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचं, मंद आचेवर शेकायचं. एवढं सगळ्याच बाया करत. फरक पुढं होता. तव्यावरून उतरलेली दशमी ती कधी दुसरीवर रचत नसे. बाजेवर धडपं अंथरून दशम्या एकमेकींना टेकवून उभ्या करायची, म्हणजे दोन्ही अंगांना वारा लागे. मग एकेक उचलून गालाला लावायची. हात चुलीला सरावलेले, त्यांना उरलेली ऊब कळत नाही, म्हणून गाल. गालाला गार लागली तरच ती पळसाच्या पानात बांधायची.

"तानुबाई, तुह्या दशम्या निवता निवता माहे बैल म्हातारे होतीन वं," वलगावचा नत्थुजी म्हणायचा.

"होऊ दे. तू त आधीच झाला!"

नत्थुजी खरंच म्हातारा होत आला होता. निम्मे दात पडलेले. कोरडी दशमी चावत नसे, म्हणून तिसऱ्या मुक्कामाला काटेपूर्णा नदीच्या उतारावर तो मैनाबाईच्या मांडवात थांबे, ताकाचं मडकं घेई आणि त्यात दशमी कुस्करून खाई. मैनाबाईच्या घरी दोन म्हशी होत्या. उतारावर थांबणारे गाडीवान हेच तिचं गिऱ्हाईक.

चैत्रातल्या एका सकाळी व्यापाऱ्यानं गाड्या उन्हाच्या आत हलवायला सांगितल्या. भाव उतरणार अशी बातमी होती. तानुबाईचा शेवटचा घाणा तव्यावर होता आणि रांग हलली.

"बांध नं वं," नत्थुजी ओरडला. "माही जागा जाते. मी काय परका हाये?"

"निवली नाई अजून."

"वाटेत निवन! वारा का अमरावतीतच हाये?"

तिनं दशम्या तशाच, वाफेसकट, एकावर एक रचून बांधल्या. त्याच घाण्याचं दुसरं गाठोडं एका गाडीवानासाठी केलं होतं. तो ते न घेताच निघून गेला. ते तिनं शिंक्यावर ठेवलं.

तिसऱ्या दिवशी स्वतःच्या जेवणासाठी तिनं ते सोडलं. पानं आतून ओली होती. दशमी मोडली तर दोन तुकड्यांमध्ये तार ओढली गेली, पिकून उतरलेल्या फळासारखा वास आला. नत्थुजी त्या वेळी काटेपूर्णेवर ताकात दशमी कुस्करत असणार. आंबट ताकात ना तार दिसणार, ना वास कळणार. तिनं ते गाठोडं उकिरड्यात खोल पुरलं आणि कोणालाच काही बोलली नाही.

नत्थुजी वीस दिवसांनी परतला तो हाडांचा सापळा होऊन. काटेपूर्णेच्या मुक्कामाला त्याला ढाळ-उलट्या लागल्या होत्या. पटकी समजून सोबतच्यांनी त्याची गाडी बाभळीखाली सोडली आणि ते पुढं निघून गेले. दोन दिवस मैनाबाईनं त्याला पेज पाजली, त्याच्या बैलांना पाणी दाखवलं.

"ताकानं मारलंच होतं मले," नत्थुजी चुलीपाशी बसत म्हणाला.

"तिनंच त पेज पाजली म्हणतं ना?"

"भेली असन! मेलो असतो त हत्या लागली असती तिले. आता कोणी थांबत नाई तिथं. म्या सगळ्याईले सांगतलं."

तानुबाईनं तवा उगाच पुसला. "अन् दशमी कशी होती?"

"दशमीले काय होते? तुही दशमी हाये ते!"

बोलायचं ते तेव्हाच बोलायला हवं होतं. समोर दहा-बारा गाडीवान बसले होते, सगळे तिच्या दशमीच्या भरवशावर निघालेले. ती पीठ मळत राहिली.

पावसाळा गेला. मार्गशीर्षात गाड्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा कोणीतरी सहज सांगितलं की मैनाबाईचा मांडव पडला, म्हशी विकल्या. त्या सकाळी तानुबाईनं नत्थुजीला सगळ्यांदेखत सांगितलं: दशमी निवली नव्हती, तिला तार सुटली होती, त्याच घाण्याची तिनं स्वतःच्या हातानं पुरली.

नत्थुजी हसला. "पाहा रे, कशी बाई हाये! दुसरीचं पाप अंगावर घेते."

"खरं सांगून राहिली मी."

"तू गालाले लावल्याबिगर दशमी बांधशीन? आमी काय आज पाहून राहिलो तुले?"

तिनं बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे मान डोलवत होते. त्या दिवशी तिच्या दशम्या रोजच्यापेक्षा लवकर संपल्या.

दुसऱ्या दिवशी ती नत्थुजीच्याच गाडीत बसून निघाली. मैनाबाई उताराजवळच्या कुरणखेडला एका कापसाच्या वाड्यात कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, वेचत बसलेली सापडली, डोक्याला फडकं, भुवयांवर कापसाचा भुगा. तानुबाईनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

मैनाबाईचे हात थांबले नाहीत. "मले माहीत होतं. ताक त्याच सकाळचं होतं, मी बी तेच पेली होती."

"मग बोलली काहून नाई?"

"कोणाले बोलू? ते सारे तुही दशमी खाणारे." तिनं एक काळी कवडी वेगळी टाकली. "गाडीवाल्याईले सांग ना तू."

"सांगतलं. कोणी मानत नाई."

"आठ महिन्यांनी कोण मानन, बाई?"

तानुबाईनं आणलेलं दशम्यांचं गाठोडं पुढं केलं. मैनाबाईनं ते घेतलं नाही, दूरही सारलं नाही. मुकादमानं हाक मारली तशी ती उठून पलीकडच्या ढिगाकडे गेली.

पुढं तीन वर्षं, आगगाडी येईपर्यंत, कापसाच्या गाड्या त्या वाटेनं जात राहिल्या. काटेपूर्णेचा उतार आला की जुने गाडीवान नव्यांना सांगत, इथं ताक पिऊ नका. तानुबाई प्रत्येकाला बांधून देताना खरं काय ते सांगायची. ते ऐकून घेत, हसत, आणि गाठोडं उचलून निघत.